नदीचा नकाशा आणि माशाचा ठाव

हल्लींच्या विद्यार्थ्यांच्या हातीं एक असें साधन आलें आहे कीं, तें आमच्या शाळकरी वयांत कोणास स्वप्नांतहि दिसलें नव्हतें. संगणकावर किंवा मोबाईलवर बोट फिरविलें कीं आपल्या गांवचा ओढा, त्यावरील साकव, कांठचीं करंजाचीं झाडें, फार काय पण उन्हाळ्यांत उरलेलें एखादें डबकेंहि उंचावरून पाहिल्याप्रमाणें दिसूं लागतें. दोन वर्षांपूर्वीं भूगोलाच्या तासास नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला, "सर, नदी इतकी स्पष्ट दिसते, तर मासे कोठें सांपडतील हेंहि ह्यावर कळेल काय?" वर्ग हंसला. परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. त्याचें उत्तर शोधतांना मुलें नकाशावाचन जितकें शिकलीं तितकें पाठ्यपुस्तकांतील प्रकरणावरून शिकलीं नव्हतीं. त्याच शोधांत आमच्या हातून एक चूकहि घडली. तो अभ्यास व ती चूक, दोन्हीं विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडावीं म्हणून हा लेख लिहीत आहों.

आम्हीं त्या मुलास सांगितलें कीं, चित्रांत मासा दिसणार नाहीं. पण माशास काय लागतें हें ठाऊक असेल, तर त्याचें घर कोठें असेल हें ओळखतां येईल. माशास बाराहि महिने पाणी लागतें, श्वासापुरता प्राणवायु लागतो, अन्न लागतें आणि दडावयास जागा लागते. ह्या गोष्टी सर्व माशांस सारख्याच प्रमाणांत लागतात असें नाहीं. मरळ संथ व गवताळ पाण्यांत राहते. तिला हवेंतूनहि श्वास घेतां येतो, म्हणून थोड्या गढूळ पाण्यांतहि ती टिकते. वाम दगडांच्या कपारींत व चिखलांत दडून बसते. चिलापी धरणांच्या व तलावांच्या स्थिर पाण्यांत सुखानें वाढते. खडशी, जिला कोणी म्हसीर म्हणतात, तिला मात्र स्वच्छ वाहतें पाणी आणि खडकांतील खोल डोह दोन्हीं लागतात. ह्या खडशीसंबंधीं एक गोष्ट मुलांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कर्नल साइक्स ह्यांनीं १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळामुठेंतील ह्या माशाचें शास्त्रीय वर्णन केलें, तेव्हां येथील लोकांच्या तोंडचें 'खुद्री' हें नांवच त्यांनीं शास्त्रीय नांवांत कायम ठेविलें. तें नांव जगभर अजून चालतें. मुळामुठेचें पाणी मात्र तसें राहिलें नाहीं.

पहिला धडा : कागदावरील नकाशा

आकाशांतील चित्रापूर्वीं कागदाचा नकाशा वाचतां आला पाहिजे, असा आमचा आग्रह होता. आपल्या देशांतील सर्वेक्षण खातें १७६७ सालीं स्थापन झालें. १८०२ सालीं विल्यम लॅम्टन ह्यांनीं मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचें प्रचंड काम आरंभिलें. त्या परंपरेंतून पुढें जे तपशीलवार नकाशे निघाले, ते पुष्कळ काळ सामान्य माणसास सहज मिळत नसत. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशाधोरणानें त्यांतील एक मालिका सर्वांसाठीं खुली झाली, आणि २०१७ पासून ते नकाशे आंतरजालावरून विनामूल्य मिळूं लागले. त्यांचें प्रमाण ५०,००० स १ असें असतें. म्हणजे कागदावरील २ सेंटिमीटर हें जमिनीवरील १ किलोमीटर होय.

ह्या नकाशांत पाणी निळ्या रंगानें दाखवितात, आणि जें पात्र कोरडें पडतें तें काळ्या रेषेनें. आपल्या दख्खनी मुलखांत हा भेद फार महत्त्वाचा आहे. आषाढांत दुथडी भरून वाहणारे शेंकडों ओढे फाल्गुनांत आटून जातात. नकाशावर त्यांच्या काळ्या रेषा पाहून नवशिक्या मनुष्यास तेथें पाणी असेल असें वाटतें व तो गळ घेऊन दगडगोट्यांत जाऊन पोंचतो.

यानंतर समोच्च रेषा. ह्या तपकिरी रेषा समान उंचीचीं स्थळें जोडतात, व सामान्यतः दर २० मीटर उंचीस एक रेषा असते. ओढ्यापाशीं ह्या रेषांचा कोन होतो व त्याचें टोंक उगमाकडे असतें. म्हणून पाणी कोणीकडे वाहतें हें कोणास न विचारतां कळतें. आतां एक सोपें गणित करूं. समजा, ओढा एक समोच्च रेषा ओलांडून कागदावर २ सेंटिमीटर पुढें गेल्यावर दुसरी ओलांडतो. म्हणजे १,००० मीटरांत तो २० मीटर उतरला. उतार ५० स १. असें पाणी दगडांवरून उड्या घेत जातें, त्यांत प्राणवायु भरपूर मिसळतो, व मोठ्या धोंड्यांच्या आड लहान लहान खळगे असतात. तेंच अंतर १० सेंटिमीटर भरलें, तर ५,००० मीटरांत २० मीटर, म्हणजे २५० स १ असा उतार झाला. तेथें पाणी संथ, तळ गाळाचा आणि डोह लांबट असावयाचे. आणि जेथें दोनतीन रेषा एकमेकींस चिकटल्यासारख्या दिसतात तेथें कडा किंवा धबधबा आहे असें समजावें. खालचे मासे बहुधा त्याच्या पायथ्याशीं थांबतात. वर चढूं शकत नाहींत.

उदाहरणार्थ सातारा जिल्ह्यांतील कोयना घ्या. महाबळेश्वरीं उगम पावून ही नदी सह्याद्रीच्या रांगेस समांतर अशी दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेस वळते, पाटणजवळ केरेचें पाणी घेते, आणि कऱ्हाडास कृष्णेस अशी मिळते कीं दोघी बहिणी समोरासमोर येऊन भेटल्या असें वाटावें. नकाशावर बोट ठेवून हा प्रवास केला म्हणजे मुलांच्या सहज ध्यानांत येतें कीं, नदी एक असली तरी तिचे स्वभाव अनेक आहेत. वळणावर बाहेरच्या कांठास पाणी जोरानें आपटून तळ खोदतें व आंतल्या बाजूस वाळूचा दांडा सांचतो. संगमावर दोन प्रवाह एकमेकांस भिडून खड्डा पाडतात. म्हणून बाहेरचें वांकण व संगमाखालचा भाग, हीं दोन स्थळें मासेमारी करणाऱ्यानें प्रथम पाहावीं.

दुसरा धडा : आकाशांतील चित्र

नादार नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८५८ सालीं पॅरिसजवळ फुग्यांत बसून आकाशांतून पहिलें छायाचित्र घेतलें. १९७२ सालीं अमेरिकेनें पहिला लँडसॅट उपग्रह पृथ्वीभोंवतीं सोडला, आणि १९८८ सालीं आपला आयआरएस-१ए हा उपग्रह त्याच कामास लागला. पुढें २००५ सालीं 'गूगल अर्थ' व २००९ सालीं आपल्या इस्रोचें 'भुवन' सुरू झालें, तेव्हां हीं चित्रें घरोघर पोंचलीं.

हें चित्र वाचतांना पहिला प्रश्न असा विचारावा कीं, चित्रांतील एक लहानांत लहान ठिपका जमिनीवरील किती जागा दाखवितो? युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत तो ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. कोयनेसारखी नदी त्यांत नीट दिसते. परंतु ४ मीटर रुंदीचा ओढा कांठच्या झाडांत व मातींत मिसळून नाहींसा होतो. ४० मीटर लांब व १० मीटर रुंद असा चांगला मोठा डोहहि अवघ्या चार ठिपक्यांचा भरतो. ह्याच्या उलट कांहीं चित्रांतील ठिपका अर्ध्या मीटरचा असतो. तेथें एकेक झाड व एकेक धोंडा वेगळा दिसतो. पण अशीं बारीक चित्रें क्वचितच नवीन येतात. सेंटिनेलचें चित्र, ढग आडवे न आले, तर दर पांच दिवसांनीं मिळूं शकतें. म्हणून आम्हीं मुलांस दोन्हीं वापरावयास लाविलीं : जागा शोधण्यास बारीक चित्र आणि तेथें पाणी केव्हां असतें हें पाहण्यास जाड चित्र.

यानंतर रंग. पाण्यावरील पांढरी रेघ म्हणजे फेंस. तेथें उतार व खळखळाट आहे. फिकट पिंवळसर पट्टा म्हणजे वाळू अथवा उथळ पाणी. हिरवा दाट पट्टा कांठास असेल तर सांवली आहे, व सांवलींतील पाणी उन्हाळ्यांत कमी तापतें. तेंच हिरवेपण पाण्याच्या पृष्ठावरच पसरलेलें असेल तर तें बहुधा जलपर्णीचें किंवा शेवाळाचें होय, व तें पाणी सांडपाण्यानें बिघडलें असण्याचा संभव असतो.

काळ्या रंगानें मात्र आमचीं मुलें फसलीं. काळें दिसलें कीं डोह, असें समजून त्यांनीं एका दिवसांत अकरा डोह शोधून काढले. आम्हीं त्यांस चित्र घेण्याची वेळ विचारली. हे उपग्रह आपल्या प्रदेशावरून सकाळीं दहा ते साडेदहाच्या सुमारास जातात. त्या वेळीं सूर्य पूर्वेकडे, आणि हिंवाळ्यांत आग्नेयेकडे असतो; म्हणजे झाडाची व दरडीची सांवली पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे पडणार. मुलांनीं पुन्हां पाहिलें, तों अकरापैकीं सात 'डोह' हे पूर्वेच्या कांठावरील झाडांच्या सांवल्या निघाल्या. ह्या चुकीचें त्यांस वाईट वाटलें. आम्हांस आनंद झाला, कारण सूर्याची दिशा व सांवली ह्यांचा धडा आतां तीं जन्मांत विसरणार नाहींत.

सांवली व पाणी वेगळें करण्याचा आणखी एक उपाय आहे. मनुष्याच्या डोळ्यास न दिसणारे अवरक्त किरण पाणी शोषून घेतें आणि हिरवीं पानें परावर्तित करतात. त्या किरणांनीं घेतलेल्या चित्रांत पाणी काळें कुळकुळीत व झाडी लख्ख दिसते. उरलेल्या चार जागा मुलांनीं ह्या चित्रांशीं ताडून पाहिल्या व चारहि खऱ्या ठरल्या.

तिसरा धडा : चित्राची तारीख

एकाच चित्रावर विसंबूं नये. गूगल अर्थमध्यें २००९ पासून जुनीं चित्रें पाहण्याची सोय आहे. त्याच जागेचें नोव्हेंबरांतलें चित्र, फेब्रुवारींतलें चित्र व मे महिन्यांतलें चित्र एकापुढें एक ठेवावें. नोव्हेंबरांत ओढा सलग दिसतो. फेब्रुवारींत तो तुटक होतो. मे महिन्यांत बहुतेक पात्र उघडें पडतें, आणि तेथें दोनचार निळेकाळे ठिपके तेवढे उरतात.

हे वैशाखांतले ठिपके म्हणजेच खरे डोह. चार जागांपैकीं तीन मे महिन्याच्या चित्रांत नाहींशा झाल्या. एक मात्र पांचहि वर्षांच्या चित्रांत आपल्या जागीं होती. मुलांनीं संगणकावरील मोजपट्टीनें तिची लांबी ४० मीटर व रुंदी १२ मीटर भरविली. त्या ओढ्याचें व गांवाचें नांव आम्ही येथें देत नाहीं. कां तें पुढें कळेल.

चौथा धडा : जें चित्रांत दिसत नाहीं

प्रत्यक्ष जाण्यापूर्वीं आम्हीं मुलांस आणखी एक यादी करावयास सांगितली : चित्रांत काय दिसत नाहीं? आईबापांनीं हा भाग मुद्दाम वाचावा.

धरणाचें वेळापत्रक चित्रांत दिसत नाहीं. कोयना धरणाच्या पायथ्याशीं जें वीजगृह आहे, त्याचा एक संच चालूं केला म्हणजे नदीपात्रांत सुमारें १,०५० क्यूसेक पाणी येतें. एक घनफूट म्हणजे सुमारें २८ लिटर. तेव्हां हें दर सेकंदास जवळ जवळ तीस हजार लिटर पाणी झालें. आकाशांत ढगाचा तुकडा नसतांना नदी अशी चढूं शकते. चित्रांत जो खडक मासे धरण्यास सोयीचा दिसतो, तो अर्ध्या तासांत बेट होऊन बसेल. म्हणून धरणाखालच्या नदींत उतरण्यापूर्वीं पाणी सोडण्याची सूचना आहे काय, हें गांवांत विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये.

मगर चित्रांत दिसत नाहीं. सांगली जिल्ह्यांत कृष्णेच्या कांठीं, तसेंच चिपळूणच्या वाशिष्ठींत मगरींचा वावर आहे. थंडीच्या दिवसांत त्या वाळूवर ऊन खात पडतात. तीन मीटर लांबीची मगर अर्ध्या मीटरच्या ठिपक्यांनीं मोजली तर अवघे सहा ठिपके भरते. तिला ओंडका म्हणावें, खडक म्हणावें, कीं मगर म्हणावें, हें मोठ्या जाणत्यासहि सांगतां यावयाचें नाहीं. कांठावर राहणाऱ्या मनुष्यास मात्र तें एका वाक्यांत सांगतां येतें.

कायदा व हक्क चित्रांत दिसत नाहींत. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकांठचें पुष्कळ रान १९८५ पासून अभयारण्य आहे व २०१० सालीं तें सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत समाविष्ट झालें. झाडांच्या शेंड्यांवर त्याची सीमा कोणी आंखून ठेविलेली नाहीं. अनेक तलावांतील मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. तेथील मासा हा त्यांच्या मुलांच्या तोंडचा घांस होय. परवानगी न घेतां तेथें गळ टाकणें हें दुसऱ्याच्या शेतांतील कणीस मोडण्यासारखें आहे.

शेवटीं, खोली चित्रांत दिसत नाहीं. गढूळ पाण्याचा हातभर खोल थर आणि दोन पुरुष खोल डोह वरून सारखेच दिसतात. ती कांठावरून दोरीस दगड बांधूनच मोजावयाची. ज्या मुलास चांगलें पोहतां येत नाहीं त्यानें मोठ्या माणसावांचून डोहाच्या कांठीं जाऊं नये. ज्यास येतें त्यानेंहि एकटें जाऊं नये.

डोहाच्या कांठीं

दिवाळीच्या सुटींत नऊ मुलें, दोन पालक व आम्ही सायकलींवरून त्या ओढ्यास गेलों. चित्रांत दाखविल्या जागींच डोह होता. वरच्या बाजूस दगडांतून पाणी खळखळत येत होतें, पूर्वेच्या कांठास उंबर व करंज होते, व दोरीनें मोजल्यावर मधली खोली दीड पुरुष भरली. मुलांचा आनंद काय वर्णावा! गांडुळें लावून त्यांनीं गळ टाकले व तासाभरांत चारपांच मासे काढले. एवढ्यांत तेथील एक वृद्ध भोई खांद्यावर पाग टाकून आले. मुलांनीं त्यांस मोठ्या अभिमानानें विचारलें, "आजोबा, हा डोह आम्हीं संगणकावर शोधून काढला. तुम्हांला हा ठाऊक होता काय?" म्हातारबुवा हंसले व म्हणाले, "आमच्या आज्यालाबी ठावं हुता. आत्ता मारा की मासं, पानी वाहतं हाय. पर वैशाखात हितं कुनी जाळं टाकत न्हाय."

आम्हीं तें ऐकलें, पण त्याचा अर्थ मनावर घेतला नाहीं. येथेंच आमची चूक झाली.

स्नेहसंमेलनाच्या वेळीं भूगोलाच्या प्रदर्शनांत मुलांचें हें काम आम्हीं फलकावर लाविलें. पांच वर्षांचीं मे महिन्यांतलीं चित्रें, त्यांखालीं डोहाचे अक्षांश व रेखांश, आणि वर मोठ्या अक्षरांत 'बारमाही मासळीचें ठिकाण'. पाहुण्यांनीं वाखाणणी केली. कित्येकांनीं फलकाचें छायाचित्र मोबाईलवर घेतलें व तें पुढें किती जणांकडे गेलें ह्यास सीमा राहिली नाहीं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत त्या वृद्ध गृहस्थांचा निरोप आला. आम्ही तीन मुलांसह गेलों. कोणीं तरी रात्रीं डोहांत ब्लीचिंग पावडर टाकली होती. त्या भुकटीनें माशाचे कल्ले जळतात व तो गुदमरून वर येतो. मोठे मासे त्या लोकांनीं पोत्यांत भरून नेले होते. बोटाएवढीं, करंगळीएवढीं पिल्लें मात्र तशींच टाकून दिलेलीं. तीं पांढरीं पोटें वर करून कांठास लागलीं होतीं. पाण्यास उग्र वास येत होता व गुरें पाण्यावांचून परतत होतीं. पाण्यांत विष किंवा सुरुंग घालून मासे मारणें १८९७ सालच्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलें आहे. परंतु तो गुन्हा करणारांस जागेचा पत्ता आम्हीं दिला होता. म्हातारबुवा आम्हांस रागें भरले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "मास्तर, ठावं असनं येगळं, आन् गावभर सांगनं येगळं." आमच्याबरोबरच्या मुलांपैकीं एक, ज्यानें प्रथम प्रश्न विचारला होता तोच, वाटेंत एक शब्दहि बोलला नाहीं.

वैशाखांतल्या डोहाचा हिशेब

आतां ह्या गोष्टीचा शास्त्रीय हिशेब पाहूं. मृगाच्या पहिल्या पावसानें ओढे वाहूं लागले म्हणजे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात व नव्या उथळ पाण्यांत अंडीं घालतात. घांटावर आपण त्यांस चढणीचे मासे म्हणतों. कोंकणांत कोठें कोठें वलगणीचे मासे म्हणतात. हे मासे पावसाबरोबर आकाशांतून पडत नाहींत. ओढ्याचें शेंकडों मीटर पात्र आटलें असतां जे त्या एका डोहांत तग धरून राहिले, त्यांतलेच ते असतात. म्हणजे वैशाखांत त्या ४० मीटरांत साऱ्या ओढ्याचें बियाणें सांठविलेलें असतें. भाद्रपदांत दहा मासे धरले तर ओढ्यास त्याची दादहि लागत नाहीं. वैशाखांत तोच डोह उपसला तर पुढील वर्षाची पेरणीच खुंटते. त्या पावसाळ्यांत आमच्या मुलांनीं ओढ्यावर तीन रविवारीं चढणीचे मासे पाहण्याचा प्रयत्न केला. फारच थोडे दिसले.

जुन्या लोकांस उपग्रह माहीत नव्हता, पण हा हिशेब माहीत होता. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ वाळणकोंड येथें आणि पालघर जिल्ह्यांत वाडा तालुक्यांतील टिळसे येथें नदीच्या डोहांतील माशांस गांवकरी देवाचे मासे मानतात व त्यांस कोणी हात लावीत नाहीं. आमची श्रद्धा निराळी आहे. तथापि त्या गांवकऱ्यांच्या संयमापुढें आम्ही मान लववितों. पवित्र शास्त्रांतहि अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत एक लहानशी आज्ञा आहे. वाटेंत पक्ष्याचें घरटें सांपडलें व आई पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्लांबरोबर आईस धरावयाचें नाहीं, तिला सोडून द्यावयाचें, असा तिचा आशय आहे. खाण्याची मनाई तेथें नाहीं. वंश बुडविण्याची आहे. रविवारच्या शाळेंत हा भाग आम्हीं अनेकदां शिकविला होता. त्या डोहाच्या कांठीं उभे राहून आठवला तेव्हां तो आम्हांस प्रथम समजला असें म्हणावें लागेल.

म्हणून नकाशा टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. ज्या चित्रानें डोह दाखविला त्याच चित्रानें तो राखतांहि येतो. गेल्या जूनपासून आमच्या मुलांनीं एक नवी वही सुरू केली आहे. दर महिन्याच्या चित्रावरून पाणी किती उरलें, वर कोठें नवा बंधारा झाला, कोठें वाळू उपसली, कोणत्या कांठचीं झाडें तुटलीं, ह्याची नोंद तींत होते, आणि ती नोंद ग्रामपंचायतीस कळविली जाते. उंबराची एक बाजू तुटली असतां डोहावर दुपारचें ऊन किती वेळ पडेल ह्याचें गणित मुलांनींच करून दाखविलें. ह्या मे महिन्यांत आम्ही पुन्हां तेथें गेलों होतों. कोणीहि गळ नेला नव्हता. पाणी निवळलें आहे, आणि खडकाच्या आड बोटभर लांबीच्या पिल्लांचा एक लहानसा थवा दिसला. त्या जागेचे अक्षांश-रेखांश फलकावरून काढले आहेत. ते वहींत आहेत व वही शाळेच्या कपाटांत आहे.

सुटींतील अभ्यास

१. आपल्या गांवच्या ओढ्याचा नकाशा मिळवून दोन समोच्च रेषांमधील अंतर मोजा व उतार काढा. प्रत्यक्ष जाऊन पाण्याचा वेग त्याशीं जुळतो काय तें पाहा.

२. एकाच जागेचीं नोव्हेंबर व मे ह्या महिन्यांतलीं चित्रें शेजारीं ठेवून उरलेल्या पाण्याची लांबी मोजा. सांवलीस पाणी समजूं नका.

३. चित्रांत न दिसणाऱ्या पांच गोष्टी गांवांत विचारून लिहा : पाणी केव्हां सोडतात, मगर आहे काय, हक्क कोणाचा, खोली किती, आणि कोणत्या महिन्यांत तेथें जाळें टाकीत नाहींत.

४. पांचव्या प्रश्नाचें उत्तर गांवांतील सर्वांत वृद्ध मच्छीमारास विचारा, आणि तें ऐकल्यावर मग डोहाचें ठिकाण कोणास सांगावें व कोणास सांगूं नये हें घरीं आईवडिलांशीं बोलून ठरवा.